टीचिंग हॉस्पिटलात नर्स म्हणून नवीन लागताय? इंदूरच्या मुलामुलींसाठी कामाच्या गोष्टी

दरवर्षी जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंग करून बऱ्याच आपल्या मराठी मुली आणि आता मुलंही इंदुरात जॉइन होतात, कोणी एमवाय हॉस्पिटलला, कोणी अरविंदोला, कोणी इंडेक्सला, आणि पहिल्याच आठवड्यात रडवेल्या होऊन विचारतात की ताई हे असंच असतं का. हो, बरंचसं असंच असतं. पण काही गोष्टी आधी कोणी नीट सांगितल्या तर निम्मा त्रास वाचतो, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय, जॉइन व्हायच्या आधीपासून.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्यावर उभं आहे. टीचिंग हॉस्पिटलात डॉक्टर बदलत राहतात. इंटर्न वर्षभराचा, त्यातही दर काही आठवड्यांनी डिपार्टमेंट बदलतो, पीजी, म्हणजे एमडी-एमएस करणारा डॉक्टर, तीन वर्षांचा आणि तोही पोस्टिंगवर इकडून तिकडे, स्टुडंट तर येतात आणि जातात. आपलं एमजीएम मेडिकल कॉलेज १९४८ चं, त्याच्याही आधी १८७८ पासून इथे मेडिकल स्कूल होतं, म्हणजे किती पिढ्या डॉक्टर इथे शिकून गेल्या असतील बघा. या सगळ्यात वॉर्डात टिकून राहते ती सिस्टर. कुठल्या पेशंटला काल काय झालं, कोणाला कुठल्या इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आली होती, कुठला सक्शन मधेच बंद पडतो, हे तुम्हालाच माहीत असतं. त्यामुळे "मी फक्त ऑर्डर फॉलो करते" असं म्हणून टीचिंग हॉस्पिटलात चालत नाही. कारण ऑर्डर लिहिणारा बरेचदा स्वतःच शिकत असतो.

कागदपत्रं

हे पटकन सांगते. मध्यप्रदेश नर्सेस रजिस्ट्रेशन काउन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं. महाराष्ट्रातून शिकून आला असाल तर महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलकडून एनओसी घेऊन इथे ट्रान्सफर करावं लागतं, त्याला वेळ लागतो म्हणून नोकरी पक्की व्हायची वाट बघू नका, आधीच सुरू करा. ओरिजिनल मार्कशीट आणि सर्टिफिकेट कोणालाही ठेवायला देऊ नका, दाखवा आणि परत घ्या. माझ्या ओळखीच्या एका मुलीचे ओरिजिनल एका प्रायव्हेट ठिकाणी अडकवून ठेवले होते आणि ते सोडवायला तिच्या वडिलांना किती फेऱ्या माराव्या लागल्या ते मी बघितलंय.

हिपॅटायटिस बी चे तीन डोस, ०, १ आणि ६ महिने, पूर्ण झालेत का बघा. नसतील तर जॉइन व्हायच्या आधी पहिला तरी घ्या. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे अँटिबॉडीची रक्ततपासणी, करून घ्या, १० च्या वर आलं म्हणजे प्रोटेक्शन आहे. हे कोणी तुम्हाला आठवण करून देणार नाही.

पहिला आठवडा

पहिल्या दिवशी पेशंटच्या आधी वॉर्ड बघा. क्रॅश ट्रॉली कुठे आहे, तिच्यात काय कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे, अंबू बॅग आहे का आणि मास्क साइझप्रमाणे आहेत का, लॅरिंगोस्कोपचा लाइट लागतो का, सक्शन ओढतं का, ऑक्सिजनचा फ्लोमीटर कुठल्या बेडला नाहीये. हे रोज ड्युटीच्या सुरुवातीला स्वतः हात लावून बघायचं, रजिस्टरमध्ये टिक आहे म्हणून विश्वास ठेवायचा नाही. लॅरिंगोस्कोपचा सेल संपलेला आहे हे पेशंट निळा पडल्यावर कळण्यात काही अर्थ नाही.

सिस्टर इन्चार्जशी नीट ओळख करून घ्या. इंडेंट, म्हणजे स्टोअरमधून सामान मागवायचा फॉर्म, कसा भरायचा, कुठलं औषध स्टोअरमधून येतं आणि कुठलं बाहेरून आणायला सांगावं लागतं, ब्लड बँकेत फॉर्मसोबत काय पाठवायचं, एक्स-रेला पेशंट कोण घेऊन जातं, हे तिच्याकडूनच कळतं. वॉर्डबॉय आणि आयाबाईंना नावाने आणि "भैया", "मौसी" म्हणून बोला, अरे-तुरे करू नका, रात्री तीनला ट्रॉली ढकलायला तेच येणार आहेत.

आणि एक खिशातली डायरी घ्या. फोन नको, डायरी.

हँडओव्हर टेबलावर घ्यायचा नाही

शिफ्ट बहुतेक ठिकाणी सकाळी ८ ते २, २ ते ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८ अशा असतात. जाणाऱ्या सिस्टरला घरी जायची घाई असते, साहजिक आहे, मुलं वाट बघत असतात, तर ती टेबलाशी उभी राहून "सगळे ठीक, ७ नंबरचं ब्लड यायचंय" असं सांगून निघते. तिला विनंती करून बेड टू बेड चला. प्रत्येक पेशंटपाशी बघायचं: सलाइन किती उरलं, कॅन्युलाची जागा लाल किंवा सुजलेली आहे का, युरिन बॅगमध्ये किती आहे, ड्रेन काय रंगाचा, आणि जो पेशंट कुशीवर वळू शकत नाही त्याची पाठ उघडून बघायची. बेडसोर तुमच्या शिफ्टमध्ये सुरू झाला की आधीचा होता हे तेव्हाच ठरतं. पाठ न बघता चार्ज घेतला की मग सगळं तुमच्या माथी.

त्यासोबत सामान मोजायचं. बीपी इन्स्ट्रुमेंट, थर्मामीटर, सिझर, पल्स ऑक्सिमीटर. कुलपातल्या औषधांची, म्हणजे मॉर्फीन, फेंटानिल वगैरे, भरलेल्या आणि रिकाम्या दोन्ही अ‍ॅम्प्यूलची मोजणी करून सही करायची. मोजल्याशिवाय सही नाही, सीनियर कितीही चिडली तरी.

राऊंड

सकाळच्या राऊंडला एका बेडभोवती पंधरा-वीस लोक असतात. प्रोफेसर बोलतात, पीजी मान हलवतात, स्टुडंट मागून टाचा उंचावून बघतात. प्रोफेसर चालता चालता बोलून जातात की हे अँटिबायोटिक बंद करा, पोटॅशियम परत पाठवा, आज उठवून बसवा, आणि पीजीला त्याच वेळी पुढच्या पेशंटचं प्रेझेंटेशन द्यायचं असतं म्हणून निम्मं विसरतो. तिथे तुमची डायरी कामाला येते. प्रत्येक बेडपुढे तीनच गोष्टी लिहा: काय बंद, काय सुरू, काय कुठे पाठवायचंय. राऊंड संपल्यावर केस शीटवरच्या ऑर्डरशी ताळा करा, जे राहिलं असेल ते पीजीला दाखवून लिहून घ्या. स्वतःहून औषध बंद-सुरू नाही करायचं, लिहून घ्यायचं.

बाई पेशंटला क्लिनिकसाठी, म्हणजे स्टुडंटना शिकवायला, तपासत असतील तर स्क्रीन तुम्ही लावा, कोणी सांगायची वाट बघू नका, आणि तिच्या डोक्याशी उभ्या राहा. एकाच पेशंटची दिवसात सहा स्टुडंट हिस्ट्री घेतात, ती थकते, तिला बोलायचं नसतं पण डॉक्टरांना नाही कसं म्हणायचं म्हणून बोलत राहते. तेव्हा तुम्ही म्हणायचं, "अभी इनको आराम करने दो, शाम को आना." स्टुडंट ऐकतात. शिकणं त्यांचा हक्क आहे पण पेशंटची झोप हाही इलाजच आहे, यावर माझं मत कधी बदललं नाही.

औषधं, इथे सगळ्यात जास्त लक्ष

नवीन बॅच येते त्या महिन्यात प्रत्येक डोस दोनदा वाचा. पॉइंट कुठे आहे, मिलिग्राम आहे की मायक्रोग्राम, रोज की एक दिवसाआड. विचित्र वाटलं तर देऊ नका, विचारा. "सर, ये डोस कन्फर्म कर दीजिए", एवढंच. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे, पाच मिनिटांत जातो.

इन्शुलिनचं नीट समजून घ्या. आपल्याकडे वायल बहुतेक ४० युनिटची असते आणि तिला लाल टोपीची ४० ची सिरिंज लागते. नारिंगी टोपीची १०० ची असते. ४० च्या वायलमधून १०० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलं तर पेशंटला ८ युनिटच गेलं. आणि उलट झालं, म्हणजे १०० च्या इन्शुलिनला ४० ची सिरिंज लावली, तर २० च्या खुणेवर ५० युनिट जातं आणि पेशंट हायपोग्लायसेमियात जातो. भरायच्या आधी वायलवरचा आकडा आणि टोपीचा रंग दोन्ही मोठ्याने वाचा, अगदी शेजारच्या सिस्टरला ऐकू जाईल असं.

केसीएल, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, कधीही सरळ पुश करायचं नाही, कधीही म्हणजे कधीही. १० एमएलच्या त्या एका अ‍ॅम्प्यूलमध्ये २० मिली-इक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं, डायल्यूट करून हळूहळूच जातं, आणि ती अ‍ॅम्प्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवलेली दिसली तर त्याच क्षणी तिथून हलवा, वेगळ्या डब्यात ठेवा, डब्यावर लाल अक्षरात लिहा.

ब्लड आलं की दोघांनी मिळून बॅग, पेशंटचं नाव, नंबर, ग्रुप तपासायचा. ब्लड बँकेतून निघाल्यापासून अर्ध्या तासात सुरू, चार तासांत पूर्ण, आणि पहिली पंधरा मिनिटं पेशंटपाशीच थांबायचं. थंडी, पाठीत दुखणं, अंगावर गांधी, काहीही दिसलं की आधी बंद करा मग फोन करा.

फोनवर ऑर्डर मिळाली तर परत म्हणून दाखवा. "मॉर्फीन तीन मिलिग्राम, तीन, आयव्ही, बराबर सर?" मग वेळ आणि डॉक्टरांचं नाव लिहा आणि ते आल्यावर सही घ्या. इमर्जन्सी सोडून तोंडी ऑर्डरवर औषध देऊ नका.

व्हायटल खोटे लिहू नका

बीपी १२०/८०, पल्स ८०, रेस्पिरेशन २०. एका ओळीत पूर्ण वॉर्ड. असे चार्ट तुम्हाला दिसतील, आणि कोणी तरी म्हणेलही की सगळे असंच भरतात. तुम्ही नका भरू. खासकरून श्वास. पूर्ण एक मिनिट छातीवर नजर ठेवून मोजा, पेशंटला न सांगता, नाडी धरल्यासारखं करून. पेशंट बिघडायला लागला की बरेचदा बीपी पडायच्या कितीतरी आधी श्वास वाढतो. २० चा २८ झाला हे ज्या सिस्टरने खरं मोजलं तिलाच कळतं.

एकदा काय झालं ते सांगते. सोयाबीनच्या दिवसांत फवारणीचं औषध प्यायलेले पेशंट खूप येतात. असाच एक तरुण मुलगा, धार साइडचा, तीन दिवसांपूर्वी भरती झालेला. अ‍ॅट्रोपिन चाललं होतं, छाती क्लिअर, तोंडाला फेस नाही, प्युपिल मोठे झालेले, बोलत होता. घरचे खूश, वडील तर सुट्टी कधी होणार विचारत होते. अशा पेशंटला आम्ही दर शिफ्टला एक गोष्ट करायला सांगतो, उशीवरून मान उचलून दाखव. त्या संध्याकाळी त्याला ती उचलता येईना. हसत हसत प्रयत्न करत होता, हनुवटी थरथरत होती, पण डोकं उशीवरून हलत नव्हतं. सॅच्युरेशन तेव्हा ९७ होतं. नवीन पीजी म्हणाला की थकला असेल. मी सीनियर रेसिडेंटला फोन लावून एवढंच सांगितलं, "सर, ओपी पॉइझनिंग, तीसरा दिन, नेक लिफ्ट नहीं कर पा रहा." ते धावत आले, आणि तासाभरात त्याला ट्यूब टाकून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं. ओपी, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या, पॉइझनिंगनंतर एक ते चार दिवसांत असं होऊ शकतं, आधी मानेचे स्नायू जातात मग श्वासाचे. तो मुलगा नंतर चालत घरी गेला. म्हणून म्हणते, मॉनिटरच्या आकड्यासोबत पेशंटकडे बघायला शिका.

डॉक्टरांना बोलवायचं कसं

"सर पेशंट ठीक नहीं लग रहा" असं म्हटलं तर रात्री दोनला झोपेतला पीजी "देखते हैं" म्हणून परत झोपतो, तोही ३० तास जागा असतो बिचारा. फोन करायच्या आधी चार्ट हातात घ्या आणि एका दमात सांगा: "सर, मेडिसिन फीमेल वॉर्ड, बेड १४, निमोनिया वाली पेशंट, सॅच्युरेशन ९५ से ८८ हो गया है, रेस्पिरेशन ३४, मास्क लगा दिया है, आप अभी देखने आइए." कुठे, कोण, काय होतं, काय झालं, तुम्ही काय केलं, आणि तुम्हाला काय हवंय. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. मग नोट्समध्ये वेळ टाका, डॉक्टर अमुक यांना २.४० ला कळवलं.

दहा मिनिटांत आले नाहीत तर परत फोन, तरी नाही तर त्यांच्या वरच्याला, मग ड्युटीवरच्या सुपरवायझर सिस्टरला. हे चुगली करणं नाहीये. पेशंटसाठी वरच्याला कळवणं ही तुमची ड्युटी आहे, आणि खरं सांगायचं तर चांगले पीजी नंतर थँक्यू म्हणतात.

पेशंट कुठून येतात ते ओळखा

इंदूरच्या मोठ्या हॉस्पिटलात पेशंट फक्त इंदूरचे नसतात. झाबुआ, अलिराजपूर, धार, बडवानी, खरगोन, खंडवा, देवास, इकडचा पूर्ण माळवा-निमाड येतो. कोणी माळवी बोलतं, कोणी निमाडी, कोणी भिली, आणि हिंदीही धड समजत नाही अशी म्हातारी बाई तुम्ही काहीही विचारलं की मान हलवते. दुखतंय? मान. नाही दुखत? मान. अशा वेळी सोबतच्या अटेंडरला बसवून विचारा, बोट ठेवून दाखवायला सांगा. सेंधवा, बऱ्हाणपूर साइडचे बरेच जण मराठी किंवा अहिराणी समजतात, तिथे आपला फायदा होतो, मराठीतून बोललं की चेहराच खुलतो त्यांचा. मोठ्या माणसाला दाजी, बाबा, बाईला माय, काकी म्हणा, आणि इंदुरी माणूस असेल तर भिया आहेच.

या पट्ट्यात सिकल सेलचे पेशंट खूप. २०२३ च्या जुलैत सिकल सेलचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं तेही आपल्याच एमपीत, शहडोलला. हे पेशंट कळांनी ओरडतात, परत परत इंजेक्शन मागतात, आणि नवीन स्टाफला वाटतं की नाटक करतोय किंवा सवय लागलीय. तसं नसतं हो. ती कळ खरी असते आणि भयंकर असते. ऑर्डरप्रमाणे वेळेवर पेनकिलर द्या, फ्लुइड चालू आहे का बघा, अंगावर ब्लँकेट घाला, सॅच्युरेशन बघत राहा, छातीत दुखायला लागलं तर लगेच कळवा.

पावसाळ्यात साप चावलेले येतात. स्वच्छ कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये २ एमएल रक्त घेऊन २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं, मग एकदाच तिरपं करून बघायचं, गोठलं नसेल तर विष रक्तात भिनलंय. प्लॅस्टिकची ट्यूब चालत नाही. अँटी स्नेक व्हेनम लावताना अ‍ॅड्रेनालिन भरून हाताशी ठेवा.

विषबाधा, मारामारी, अ‍ॅक्सिडेंट, जळालेले, हे सगळे एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या मेडिको-लीगल केसेस. त्यांचे कपडे फेकू नका, घरच्यांना देऊ नका, पोटातून काढलेलं पाणी ओतून टाकू नका. सील करून पोलिसांना रिसीव्हिंग घेऊन द्यायचं असतं.

नातेवाईक

भांडण बहुतेक वेळा इलाजावरून होत नाही, कोणी काही सांगत नाही यावरून होतं. तासाभराने एकदा दोन मिनिटं जाऊन "रिपोर्ट आनेवाला है, डॉक्टर साहब ऑपरेशन में हैं, मैंने बता दिया है" एवढं बोललात तरी वातावरण शांत राहतं. जमाव गरम व्हायला लागला तर एकट्या उभ्या राहू नका, दरवाजाच्या बाजूला राहा, गार्डला आधीच बोलवा. पेशंट गेल्याची बातमी डॉक्टरांनीच द्यायची, तुम्ही सोबत उभ्या राहा आणि बॉडीची तयारी करताना घाई करू नका.

सुई टोचली तर

रिकॅप करू नका, निडल कटर वापरा. टोचलीच तर दाबून रक्त काढत बसू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्हीचं औषध जमेल तितक्या लवकर, शक्यतो २ तासांत, आणि ७२ तासांच्या आतच सुरू व्हावं लागतं, २८ दिवस घ्यायचं. लाजून किंवा इन्चार्ज ओरडेल म्हणून गप्प बसलेल्या मुली मी बघितल्यात. गप्प बसू नका.

तसंच कोणी, मग तो डॉक्टर असो की स्टाफ की अटेंडर, घाणेरडं बोललं किंवा हात लावला तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि हॉस्पिटलच्या अंतर्गत समितीकडे लेखी द्या. २०१३ च्या कायद्यात त्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे.

रात्रपाळी आणि सुट्ट्या

डबा घरूनच न्या, रात्री कॅन्टीनचं खरं नाही. पहाटे ३ ते ५ सगळ्यात वाईट वेळ, तेव्हा बसून राहू नका, वॉर्डात एक चक्कर मारा. सकाळी सुटल्यावर पोहे खाऊन सरळ झोपा, गाडी चालवताना डोळे मिटायला लागले तर थांबा.

ड्युटी बदलायची असेल तर तोंडी ठरवू नका, रजिस्टरमध्ये लिहून दोघींच्या सह्या आणि इन्चार्जची सही. आणि इंदुरात हे दोन दिवस आधीपासूनच लक्षात ठेवा, अनंत चतुर्दशीची रात्र आणि रंगपंचमी. चतुर्दशीला झाक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, रात्रभर चालतात, रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळत मोठी मिरवणूक, निघते, जेल रोड-राजवाडा सगळं बंद असतं आणि इमर्जन्सीत पडलेले, चेंगरलेले, दारू प्यायलेले, डोळ्यात रंग गेलेले येतच राहतात. त्या दिवशी ड्युटी असेल तर तासभर आधी निघा, लांबचा रस्ता घ्या, आय वॉशसाठी सलाइन आणि स्युचरिंगचं सामान दुपारीच इंडेंट करून ठेवा, संध्याकाळी स्टोअर बंद होतं.